लिंबाची जागा

सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी कोमट पाण्यात लिंबू पिळून प्यायचं, हा सल्ला आता इतका रुळला आहे की तो मुळात कुणी दिला हे विचारावंसंही कुणाला वाटत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर तो असतो, योगवर्गात असतो, वजन उतरवून देणाऱ्यांच्या तक्त्यावर तर पहिल्या ओळीतच असतो. त्यात गवती चहा, आलं, तुळस, दालचिनी पडली की पेल्याचं ‘आरोग्यपेय’ होतं आणि त्याच्या गुणांची यादी लांबत जाते: चरबी वितळते, रक्त शुद्ध होतं, यकृत धुऊन निघतं, शरीर ‘अल्कलाइन’ होतं, प्रतिकारशक्ती वाढते. हे पेय वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. ते घरोघरी व्हावं, विकतच्या बाटल्यांऐवजी व्हावं, हेच बरं. पण ज्या कामांसाठी आपण ते पितो ती त्याच्याच्याने होत नाहीत, आणि जी कामं ते खरोखर करतं त्यांची वेळ आणि जागा वेगळी आहे. लिंबाचं काम जेवणाच्या ताटाशी आणि रणरणत्या उन्हात आहे. तिथून उचलून आपण त्याला पहाटेच्या उपाशी पोटावर बसवलं आहे.

आधी दाव्यांचं बघू. निरोगी माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा पुन्हा रक्तात घेतात. शरीराला नको असलेली रसायनं मोडून बाहेर काढण्याच्या लायकीची करण्याचं काम यकृत चोवीस तास करत असतं. या दोघांना ते काम जमत नसेल तर तो गंभीर आजार असतो आणि तो लिंबाने बरा होत नाही. जमत असेल तर लिंबाने त्यात भर पडत नाही. रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या चिंचोळ्या पट्ट्यात राखण्यासाठी फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सतत राबत असतात. लिंबूपाण्याने लघवीचा सामू थोडाफार बदलेल, रक्ताचा नाही. चरबीचं म्हणाल तर तिला वितळवणारं कुठलंच फळ नाही. राहिली प्रतिकारशक्ती, म्हणजे पर्यायाने क जीवनसत्त्व. आपल्याकडच्या कागदी लिंबाच्या 100 ग्रॅम रसात ते साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम असतं. पेल्यात आपण पिळतो अर्धं लिंबू, त्याचा रस निघतो तीन चमचे. म्हणजे पोटात जातं जेमतेम 5 ते 8 मिलिग्रॅम. आयसीएमआरने 2020 मध्ये ठरवलेली रोजची गरज पुरुषांसाठी 80 आणि स्त्रियांसाठी 65 मिलिग्रॅम आहे. त्या मानाने एक मध्यम पेरू खाल्ला तर दोन दिवसांची बेगमी होते, आणि आवळ्यापुढे तर लिंबू अगदीच गरीब. पण पेरू खाणं हा ‘उपाय’ वाटत नाही, त्यामुळे तो कुणी पुढे पाठवत नाही.

लिंबाच्या या दबदब्याला एक खरा इतिहास आहे, आणि तो नीट वाचला तर त्यातच उत्तर आहे. 1747 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या ‘सॅलिसबरी’ जहाजावर जेम्स लिंड या शल्यचिकित्सकाने स्कर्व्ही झालेल्या 12 खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी काही दिवसांत उठून कामाला लागली. फळांचा साठा तेवढ्यात संपलाही. नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला सुरुवात केली ती मात्र 1795 मध्ये. पुढे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी क जीवनसत्त्व वेगळं काढलं आणि 1937 चं नोबेल त्यांना मिळालं. या सगळ्यात सिद्ध झालं ते एवढंच, की महिनोन्महिने ताजं फळ-भाजी न मिळालेल्या शरीरातली तूट भरून काढली की माणूस बरा होतो. तूटच नसलेल्या शरीरात आणखी ओतल्याने काय होतं, हा निराळा प्रश्न होता. 1970 मध्ये लायनस पॉलिंग या थोर रसायनशास्त्रज्ञाने क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने सर्दी टळते असं सांगणारं पुस्तक लिहिलं आणि जग गोळ्या घेऊ लागलं. त्यानंतर झालेल्या चाचण्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात एकत्र केल्या तेव्हा दिसलं ते असं: रोज 200 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणाऱ्या सर्वसामान्य माणसांना सर्दी तितक्याच वेळा झाली, झाल्यावर ती मोठ्यांत सुमारे 8 टक्के आणि मुलांत 14 टक्के कमी काळ टिकली. सर्दी झाल्यावर घ्यायला सुरुवात केली तर सातत्याने दिसेल असा फायदा नाही. आठवड्याची सर्दी अर्ध्या दिवसाने लवकर जावी म्हणून 200 मिलिग्रॅम, आणि आपल्या पेल्यात आहेत आठ.

मग लिंबू कुचकामी का? मुळीच नाही. मराठी पानाची वाढणी आठवा. डावीकडे मिठाशेजारी लिंबाची फोड असते, वरणभातावर, मुगाच्या खिचडीवर, पोह्यांवर, मिसळीवर ती पिळली जाते. पोषणशास्त्राच्या दृष्टीने लिंबाची खरी करामत इथे आहे. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांमधलं लोह शरीरात सहजासहजी शिरत नाही. फायटेट आणि टॅनिनसारखी द्रव्यं त्याला अडवून धरतात. त्याच घासात आंबट काही असेल, म्हणजे क जीवनसत्त्व आणि सायट्रिक आम्ल, तर ते लोह शोषलं जाण्याजोग्या रूपात राहतं. इथे लिंबाचं क जीवनसत्त्व कमी पडलं तरी त्याचं आंबटपण मदतीला येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. या राज्यात लिंबाबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठली असेल तर ती ही. आणि आपण करतो काय? सकाळी सहाला लिंबू उपाशी पोटी पिऊन टाकतो, जिथे शोषून घ्यायला लोहच नसतं. नऊला पोह्यांबरोबर चहा घेतो, जो आहे ते लोहही अडवतो. या दोन वस्तूंची नुसती वेळ बदलली, लिंबू पोह्यांवर आणि चहा तासाभराने, तरी काही खर्च न होता फरक पडू शकतो.

जी फूटपट्टी दुसऱ्यांच्या दाव्यांना लावली ती या दाव्यालाही लावायला हवी. एका जेवणात मोजलं तर आंबटाचा परिणाम ठळक दिसतो. महिनोन्महिने, मिश्र आहारावर मोजलं तर तो बराच लहान होतो. रक्तक्षय झालेल्यांना लोहाच्या गोळीबरोबर क जीवनसत्त्व द्यावं का, याची 2020 मध्ये प्रसिद्ध झालेली 440 रुग्णांवरची एक चाचणी शांघायमध्ये झाली. नुसती गोळी घेणारे आणि सोबत क जीवनसत्त्व घेणारे यांच्या हिमोग्लोबिनमध्ये लक्षणीय फरक निघाला नाही. तेव्हा रक्तक्षय असलेल्या बाईला गोळीच हवी, लिंबू तिची जागा घेणार नाही. पण रोजच्या जेवणातून मिळणाऱ्या तुटपुंज्या लोहातलं थोडं जास्त पदरात पाडून घ्यायचं असेल तर फोड ताटात हवी, एवढं म्हणायला आधार पुरेसा आहे.

दुसरी जागा उन्हाची. इथे लिंबाबरोबरच, किंबहुना त्याच्याहून जास्त, महत्त्व मिठाला आणि साखरेला आहे. आणि नेमक्या याच दोन गोष्टी ‘आरोग्यपेय’वाल्यांनी हद्दपार केल्या आहेत. आतड्याच्या अस्तरात साखर आणि सोडियम यांना एकत्र आत घेणारी वाहक प्रथिनं असतात. ग्लुकोज आलं की सोडियम आत येतं, त्यामागे पाणी येतं. हे तत्त्व वापरून 1971 च्या बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. महालनबीस 2022 मध्ये गेले आणि पद्मविभूषण त्यांना मिळालं ते त्याच्या पुढच्या वर्षी. आपलं लिंबाचं सरबत हे या जलसंजीवनीचं दूरचं नातेवाईक आहे: पाणी, साखर, मीठ, आणि घोटभर जास्त प्यावंसं वाटायला लावणारी आंबट चव. घाम गाळून आलेल्या माणसाला साधं पाणी दोन पेल्यांनंतर नको होतं, सरबत नको होत नाही. केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्माघाताच्या सूचनांमध्येही ओआरएसबरोबर लस्सी, ताक, भाताची पेज आणि लिंबूपाणी यांची नावं आहेत. अर्थात प्रमाण हवं. लिटरभर पाण्याला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, ही घरगुती जलसंजीवनीची मापं. पाहुण्यांसाठी पेल्यात दोन-तीन चमचे साखर ढवळून आपण जे करतो ते मिष्टान्नाच्या जवळ जातं. मधुमेह्याने त्यापासून लांब राहावं, आणि जुलाब लागलेल्या मुलाला तर ते देऊच नये, कारण जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी ओढते. तिथे ओआरएसचं पाकीटच.

आता वनस्पतींकडे. गवती चहाची चार पाती धुऊन (कडा धारदार असतात, बोट जपावं) त्यांची गाठ मारायची, आल्याचा पेराएवढा तुकडा ठेचायचा, पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून दोन्ही आत टाकायचं आणि पाच-सात मिनिटं झाकण ठेवायचं. झाकण महत्त्वाचं, कारण गवती चहाचा सुगंध सिट्रलसारख्या उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. उघड्या पातेल्यात तो स्वयंपाकघरभर पसरतो आणि पेल्यात फिकं पाणी उरतं. हेच सिट्रल थोड्या प्रमाणात लिंबाच्या सालीतही असतं, म्हणून या दोघांची जोडी इतकी जमते. गाळून कोमट झाल्यावर लिंबू पिळायचं, बिया पडू न देता. उकळत्यात पिळलं तर कडवटपणा येतो. वर शेंदेलोणाची चिमूट, हवी तर थोडी खडीसाखर. उन्हाळ्यात हेच गार करून त्यात भिजवलेला सब्जा. बस. याला मी चांगलं पेय म्हणेन, आणि त्यापुढे काही म्हणायची गरज मला वाटत नाही. आल्याने मळमळ कमी होते याला बऱ्यापैकी पुरावा आहे. गरम वाफेने आणि घोटाने सर्दीत नाक-घसा मोकळा वाटतो, तेही खरं. एवढे गुण एका पेल्याला पुष्कळ झाले.

इथे पहिला आक्षेप येतो: घरातल्याच तर वस्तू आहेत, फायदा झाला नाही तरी तोटा काय? तोटा मात्रेत आहे. वरच्यासारखं पाण्यात पाती मुरवणं वेगळं आणि काढा वेगळा. शार्ङ्गधर संहितेत काढ्याची कृती आहे ती द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन ते आटवत आठव्या हिश्श्यावर आणण्याची. ते औषध आहे. रोग, माणसाची प्रकृती आणि ऋतू पाहून ठरावीक दिवस द्यायचं. करोनाच्या पहिल्या लाटेत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी यांचं जे मिश्रण सुचवलं त्यातही माप तीन ग्रॅम पूड आणि 150 मिलिलिटर पाणी असंच होतं. घरोघरी मात्र ते मुठीने गेलं, दिवसातून चार वेळा गेलं, आणि त्यात गुळवेल आली, ज्येष्ठमध आला. 2020 च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झालेली आढळली; 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांमधून अशा 43 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने पहिल्या अहवालावर हरकत घेतली होती, की रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असू शकते. ही हरकत विचारात घेण्याजोगी आहेच, पण ती माझ्या मुद्द्याच्या बाजूने जाते. कुंपणावरून वेल तोडून आणणाऱ्याला ही जात कोणती हे कळणार कसं? ज्येष्ठमध बरेच दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या आजोबांना घरचे खोकल्यासाठी प्रेमाने तोच उकळून देतात. आणि साध्या लिंबाचंही एक दुखणं आहे. त्याच्या रसाचा सामू 2 ते 2.5 असतो आणि दातांवरचं कवच 5.5 च्या खाली विरघळू लागतं. रोज सकाळी लिंबूपाणी घोट घोट चघळत प्यायचं आणि लगेच ब्रशने दात घासायचे, ही मोसमभराची नाही तर वर्षानुवर्षांची झीज आहे. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि दात घासायला अर्धा-एक तास थांबावं.

दुसरा आक्षेप परंपरेचा. आजीबाईच्या बटव्याला नाकं मुरडायची का? उलट, परंपरेचा हवाला देणाऱ्यांनीच ती वाचलेली नसते अशी माझी तक्रार आहे. वजन उतरवणाऱ्या या पेयाचं सर्वांत लाडकं रूप म्हणजे गरम पाणी, लिंबू आणि मध. चरकसंहितेने उष्ण मध आणि उष्णाबरोबर मध स्पष्ट निषिद्ध सांगितला आहे. चरकाचं कारण आजच्या रसायनशास्त्राला पटेल असं नाही, पण ‘आयुर्वेदात सांगितलंय’ म्हणत आयुर्वेदाने नको म्हटलेलं पेय पिणं ही गंमत आहे. शिवाय जुन्या घरांत पेयांना ऋतू होता. चैत्रात पन्हं, वैशाखात कोकमाचं आणि लिंबाचं सरबत, पावसात गवती चहा नि आलं, बाळंतिणीला निराळं, तापकऱ्याला निराळं. बारा महिने, सगळ्यांना, एकच पेला, ही रीत बटव्यातली नाही. ती वजन उतरवण्याच्या तक्त्यांमधून आली आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. लोक सांगतात, आम्हाला फरक पडतो. हलकं वाटतं, पोट साफ होतं, दोन-तीन किलो वजन उतरलं. ही माणसं खोटं बोलत नाहीत. रात्रभराच्या उपासानंतर पेलाभर कोमट द्रव पोटात गेला की आतड्यांची हालचाल जागी होते. त्यात लिंबू असो नसो. वजनाचं गणितही साधं आहे. सकाळच्या दोन कप गोड चहाच्या जागी बिनसाखरेचं लिंबूपाणी आलं तर चार चमचे साखर वाचली, म्हणजे 80 कॅलरी, आणि चहाबरोबरची बिस्किटं-खारी सुटली तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. हे श्रेय चहा-बिस्किट सोडण्याचं आहे. ते लिंबाला दिल्याने कुणाचं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. बिघडतं ते असं, की तोच माणूस उद्या चहा-बिस्किट परत सुरू करतो, वर लिंबूपाणीही पितो, आणि वजन का वाढतंय ते त्याला कळत नाही. या वनस्पतींवर पुरेसं संशोधन झालेलं नाही, कारण पेटंट न मिळणाऱ्या गवतावर कुणी पैसे घालत नाही, हेही म्हणणं रास्त आहे. पण पुरावा अपुरा असेल तर दावाही त्याच मापाने आखूड व्हायला हवा. मधुमेह-रक्तदाब बरे करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तोच मजकूर घराघरांतून पुढे सरकवला जातो तेव्हा त्याला कुठलाच कायदा लागू नसतो, आणि त्याच्यावर विसंबून तपासणी पुढे ढकलणाऱ्याची नोंदही कुठे होत नाही.

या पेल्याची सगळ्यात कमी गरज ज्याला आहे त्याच्याच हाती तो आज आहे. वातानुकूलित खोलीतून उठून वातानुकूलित गाडीत बसणाऱ्याच्या शरीरातून मीठ-पाणी जातंच किती? एप्रिल-मे महिन्यांत अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा स्लॅब ओतणारे, डांबर पसरणारे, दुचाकीवरून घरपोच डबे पोचवणारे यांच्या बाटलीत नुसतं पाणी असतं, तेही तापलेलं. त्यात लिंबाचं दुर्दैव असं की हस्त बहाराची फळं नेमकी उन्हाळ्यात येतात आणि परतीच्या पावसामुळे तो बहार धरणंच अवघड. म्हणून मागणी टिपेला असताना माल तुटपुंजा. 2022 च्या एप्रिलमध्ये एक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेलं होतं. एरवीच्या भावाने मात्र हिशेब फार नाही. लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, एक लिंबू: दहा रुपयांच्या आत. महाग असेल तेव्हा लिंबाऐवजी कोकमाचं आगळ किंवा उकडलेल्या कैरीचा गर घालावा, मीठ-साखरेचं काम तेच राहतं. कामाच्या जागी पिण्याच्या पाण्याची सोय करणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहेच. मार्च ते जूनमध्ये दुपारी अकरा ते चार या वेळेत त्या माठाशेजारी मापाने केलेल्या सरबताचं दुसरं पिंप असावं, एवढी अट कंत्राटात घालायला महापालिकांना आणि सार्वजनिक बांधकाम खात्याला नव्या कायद्याची गरज नाही. निविदेच्या कागदात एक कलम वाढवलं की पुरे.